ना किनारा, ना महानगर

सव्वीस जुलै म्हटले की मराठी माणसाला मुंबई आठवते. सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस, मिठी नदी, रुळांवरून घरी चालत निघालेली माणसे. २००५ च्या त्याच पावसात महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांवर डोंगर उतरला आणि जवळजवळ दोनशे माणसे मातीखाली गेली. मुंबईच्या पुराची चौकशी माधवराव चितळे यांच्या समितीने केली, मिठीचा गाळ आणि तिच्या काठची अतिक्रमणे हा वर्षानुवर्षांचा सार्वजनिक विषय झाला. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई सी-४० या जगातल्या मोठ्या शहरांच्या गटात दाखल झाली आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेने स्वतःचा हवामान कृती आराखडा जाहीर केला. महाडच्या वाट्याला धोकादायक गावांची यादी आली. ती यादी आणि दर जूनमध्ये घरोघर वाटली जाणारी नोटीस, एवढीच या सावित्रीच्या खोऱ्यातली हवामान-कृती.

मुंबईला मिळाले याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. महाडशेजारच्या पोलादपूरच्या कित्येक वाड्यांतली चूल लालबाग-परळच्या पगारावर पेटत आली आहे; मुंबई बुडाली तर इथेही मनीऑर्डर थांबते. प्रश्न वेगळा आहे. शाश्वत शहरे आणि हवामानाला टिकणाऱ्या पायाभूत सुविधा यांसाठी जगभर जे सहकार्य चालते, त्याचा दरवाजा विशिष्ट मापाचा आहे. सी-४० महानगरांसाठी. २०२१ मध्ये महाराष्ट्राने 'रेस टू झीरो' या जागतिक मोहिमेत शहरे नेली ती ४३, आणि तीही अमृत योजनेतली, म्हणजे साधारण लाखावर वस्तीची. २०११ च्या जनगणनेत महाड शहराची लोकसंख्या सत्तावीस हजारांच्या आसपास होती. पोलादपूरला नगरपंचायत आहे. आणि डोंगर ज्यांच्यावर येतो त्या कोंढाळकरवाडी, सुतारवाडी, केवनाळे यांना शहर कोण म्हणणार?

बरे, शहर नाही तर किनारा तरी असावा. चक्रीवादळांपासून बचावासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने जो राष्ट्रीय प्रकल्प चालला, त्यातून याच रायगड जिल्ह्यात अलिबागला वीजवाहिन्या जमिनीखाली घालण्याचे काम झाले. चांगले काम आहे. पण ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले, तेव्हा ते किनाऱ्याची हद्द संपली म्हणून थांबले नव्हते. महाड-पोलादपूरची छपरेही त्याने नेली. खाडीचे पाणी भरतीला महाडपर्यंत चढते, समुद्राचा निधी मात्र तितका वर चढत नाही.

घाटाच्या माथ्यावर तर हा विनोद आणखी कडू होतो. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या पठारावर पडलेला थेंब पूर्वेला वळला तर कृष्णा-कोयनेतून सांगलीला जातो. पश्चिमेला वळला तर सावित्रीतून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला. पूर्वेच्या पुराला जागतिक बँक माहीत आहे, कृष्णा खोऱ्यासाठी तिच्या मदतीचा कार्यक्रम आखला गेला आहे. पश्चिमेच्या पुराला राज्याच्या स्वतःच्या पैशातला कोकण आपत्ती सौम्यीकरण प्रकल्प आहे, आणि नसण्यापेक्षा तो बरा. पण ढग एकच होता. त्या एकाच दिवशी तळिये गावच्या कोंढाळकरवाडीत ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथे दरडी आल्या, आणि महाड शहर पाण्याखाली गेले. रस्ते बुडालेले, दरडींनी अडलेले, फोन बंद. तळियेला मदत पोचायलाच खूप वेळ गेला.

दरडींच्या बाबतीत परदेशी सहकार्य भारतात आलेच नाही असे म्हणता येणार नाही. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण, आपले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि दोन्हीकडच्या काही संस्थांनी मिळून 'लँडस्लिप' नावाचा प्रकल्प केला. किती पाऊस पडला की कोणत्या भागात दरड कोसळण्याचा संभव वाढतो, याचा प्रादेशिक अंदाज द्यायचा, असा त्याचा गाभा. प्रयोगासाठी जागा निवडल्या दोन: दार्जिलिंग आणि निलगिरी. त्यातून पुढे १९ जुलै २०२४ ला कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्र सुरू झाले. अकराच दिवसांनी वायनाडची दरड कोसळली. वायनाडमध्ये सरकारी यंत्रणेच्या बरोबरीने, किंबहुना काहीशी आधी, कोणाची आकडेवारी बोलली? कलपेट्टाच्या ह्यूम सेंटरने शेतकऱ्यांच्या परसात लावलेल्या पर्जन्यमापकांची. त्या जाळ्यात आदल्याच दिवशी धोक्याचा आकडा दिसला होता. उपकरण साधे, माणूस तिथलाच, नोंद रोजची.

आपल्याकडे पाऊस मोजतात महसूल मंडळाला एक या हिशेबाने. घाटाखाली राहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही की दोन खिंडींच्या अंतरात पाऊस दुप्पट होतो. मंडळाच्या केंद्रावर शंभर मिलिमीटर आणि वरच्या वाडीत अडीचशे, असे झाले तर अडीचशेची नोंद कुठेच होत नाही. पंचनाम्यात ती 'अतिवृष्टी' एवढ्या एका शब्दात मावते. दार्जिलिंगसाठी जी गणिते बसवली ती कोकणच्या बेसॉल्टला, त्यावरच्या कुजलेल्या खडकाला आणि लाल मातीला जशीच्या तशी लागू पडणार नाहीत. ती इथे बसवायची तर इथल्या वाड्यांच्या पावसाच्या दहा-वीस वर्षांच्या नोंदी लागतील. त्या आज सुरू केल्या नाहीत तर वीस वर्षांनीही नसतील.

आता यादीविषयी. २००५ नंतर भूवैज्ञानिकांनी रायगड जिल्ह्यातल्या दरडप्रवण गावांची जी यादी केली, तीत शंभराच्या आसपास गावे होती आणि निम्म्याहून अधिक महाड-पोलादपूरची. यादी केली हे योग्यच. पण १९ जुलै २०२३ ला खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली तेव्हा ती वाडी यादीत नव्हती, असे खुद्द सरकारनेच सांगितले. यादी ही एकदा काढलेल्या फोटोसारखी असते. डोंगर त्यानंतरही हलतो. रस्त्यासाठी पायथा कापला जातो, वरच्या सपाटीवर घर बांधायला माती सारली जाते, एखादा ओढा वळवला जातो आणि गेल्या वर्षीचा सुरक्षित उतार यंदा सुरक्षित राहत नाही. भोगावच्या बाजूला काशेडीच्या जुन्या घाटरस्त्याचे खचणे हे तर प्रवाशांच्या सवयीचे झाले होते. आंबेनळी घाट पावसाळ्यात बंद पडणे ही बातमी राहिलेली नाही, ते वेळापत्रक आहे.

इथे हाँगकाँगकडे जरूर पाहावे. तिथल्या टोलेजंग इमारतींकडे नव्हे, त्यांच्या मागच्या उतारांकडे. १८ जून १९७२ या एका दिवसात हाँगकाँगमध्ये दोन मोठ्या दरडी कोसळल्या आणि १३८ माणसे मेली. त्यांतली एक जागा सॉ माऊ पिंग. चार वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच सॉ माऊ पिंगमध्ये पुन्हा दरड आली आणि आणखी १८ जण गेले. १९७७ मध्ये तिथल्या सरकारने भूतांत्रिक कामासाठी कायमचे कार्यालय उघडले. चौकशी समिती नव्हे, कार्यालय. पगार, पदे, अंदाजपत्रक असलेले. त्या कार्यालयाने माणसाने कापलेला किंवा भरलेला प्रत्येक मोठा उतार नोंदवायला घेतला. आज अशा सुमारे साठ हजार उतारांची नोंदवही तिथे आहे. प्रत्येक उताराला क्रमांक, बहुतेकांवर चक्क त्या क्रमांकाची पाटी, आणि प्रत्येकाच्या देखभालीला कोण जबाबदार हे ठरलेले: सरकारचे अमुक खाते की जागेचा मालक. रस्त्याने जाणारा माणूसही तो नंबर पाहून उताराची माहिती काढू शकतो. पावसाच्या आकड्यांवरून दरडीचा इशारा देण्याची पद्धतही तिथे त्याच काळापासून आहे. दरडींत मरणाऱ्यांचे प्रमाण तिथे नंतरच्या दशकांत फार खाली आले.

कोणी म्हणेल, हाँगकाँग श्रीमंत आहे, दाट वस्तीचे शहर आहे, आणि तिथले हे उतार मुख्यतः माणसाने केलेले आहेत. पोलादपूरचे डोंगर नैसर्गिक, उघडे, मैलोन्‌मैल. आक्षेप खरा आहे. सह्याद्रीच्या प्रत्येक कड्याला पाटी लावायची असे कोणी सुचवत नाही. पण महामार्गाच्या चौपदरीकरणात कापलेले डोंगर माणसानेच कापले. घाटरस्त्यांचे कापही माणसाचेच. दरडप्रवण म्हणून नोंदलेल्या वाड्यांच्या माथ्यावरचे उतार मोजके आहेत, आणि ते कोणते हे गावच्या पोलीस पाटलाला विचारले तरी कळते. एवढ्यांना क्रमांक द्यायला किती खर्च येईल? सावित्रीचा पूल पडला त्याच वर्षी देशातल्या राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची मोजदाद करून प्रत्येकाला ओळख क्रमांक देणारी व्यवस्था सुरू झाली. पुलांना नंबर देता येतात तर उतारांना का नाही?

पुलाचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल सावित्रीच्या पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या आणि काही खासगी वाहने अंधारात नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसे गेली. देश हळहळला आणि नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. ५ जून २०१७ ला त्याचे उद्घाटन झाले. याच महामार्गाच्या रुंदीकरणाला २०११ च्या सुमारास सुरुवात झाली, आणि ते कधी संपणार या प्रश्नाचे उत्तर दर गणेशोत्सवाआधी नव्याने दिले जाते. म्हणजे ठरवले की आपल्याला येते. अभियंत्यांची अडचण नाही, लोखंड-सिमेंटची तर नाहीच. २३ सप्टेंबर २०१९ ला न्यूयॉर्कच्या हवामान परिषदेत आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी देशांची आघाडी जाहीर केली ती भारतानेच, आणि तिचे मुख्य कार्यालय दिल्लीत आहे. इतर देशांना पूल कसे टिकवावेत हे सांगणाऱ्यांनी महाडचा तो पूल अभ्यासाला घ्यावा: तो पडण्यापूर्वी त्याची देखभाल कोण करत होते, किती वर्षांनी, काय पाहून. नव्या पुलाच्या १६५ दिवसांपेक्षा जुन्या पुलाच्या ८८ वर्षांत शिकण्यासारखे अधिक आहे.

महाड शहराच्या पुराचे दुखणे वेगळे. सावित्री, काळ आणि गांधारी यांचे पाणी एकत्र येते, खालून भरती चढते आणि मधल्या नदीपात्रात गाळाची बेटे, ज्यांना इथे जुटे म्हणतात, वाढलेली. दासगावजवळ कोकण रेल्वेच्या भरावाने पाणी तुंबते ही नागरिकांची जुनी तक्रार. २०२१ नंतर लोकांनी पुष्कळ आंदोलने केली, जुटे काढण्याचे, गाळ उपसण्याचे काम झाले आणि त्याचा उपयोगही दिसला. हे श्रेय सुकटगल्लीपासून दस्तुरी नाक्यापर्यंत ज्यांची दुकाने बुडाली त्या व्यापाऱ्यांच्या चिकाटीचे आहे, कुठल्या करारनाम्याचे नाही.

तरी उपसा हा दरसालचा धंदा आहे. डोंगर दर पावसाळ्यात नवा गाळ पाठवणारच. नेदरलँड्समध्ये १९९५ च्या पुरात अडीच लाख माणसे हलवावी लागली तेव्हा त्या देशाने बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा परत द्यायचे ठरवले. नाइमेखेनला वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे नेला, त्यासाठी पन्नासच्या आसपास घरे हलली. केरळचे मुख्यमंत्री २०१९ मध्ये हे पाहायला तिकडे गेले होते. आपल्याकडे नदीला जागा म्हणताच निळी रेषा, लाल रेषा डोळ्यांसमोर येते, म्हणजे पंचवीस वर्षांतल्या आणि शंभर वर्षांतल्या पुराची हद्द, आणि लोक हवालदिल होतात. चिपळूणमध्ये हे पाहिले आहे. लोकांचे चुकते असेही नाही: रेषा आखणारा कागद आणून देतो, पर्यायी जागा आणून देत नाही. जपानमध्येही हेच झाले. १९९९ च्या हिरोशिमातल्या दरडींनंतर त्यांनी धोक्याची क्षेत्रे ठरवण्याचा कायदा केला, पण जमिनीचे भाव पडतील या भीतीने क्षेत्रे जाहीर करणे रेंगाळले. २०१४ ला त्याच हिरोशिमात पुन्हा सत्तरहून अधिक माणसे दरडींत गेली, तेव्हा कायदा सुधारून पाहणीचे निष्कर्ष आधी लोकांसमोर ठेवण्याची सक्ती आली. जपान्यांकडून शिकायचे तर त्यांचा हा पस्तावा शिकावा. त्यांचे काँक्रीटचे बंधारे आपल्याला परवडायचे नाहीत.

जूनमधल्या नोटिशीकडे परत यावे लागेल, कारण गाडी तिथेच अडते. 'अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे' असे घरमालकाला बजावले जाते. सुरक्षित स्थळ म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची शाळा. काळ कोणता? जुलैचा मध्य, भातलावणीचा. रोपे वाफ्यात तयार, गोठ्यात बैल आणि दुभती गाय, घरात म्हातारी आणि नातवंडे, कर्ते मुंबईला. त्या नोटिशीने सरकारची जबाबदारी घराच्या उंबऱ्यावर ठेवली जाते आणि सरकार मोकळे होते. गुरे कुठे बांधायची, शाळेत चूल कोण पेटवणार, लावणी चुकली तर वर्षाचे भात कोण देणार, यांतल्या एकाचेही उत्तर नोटिशीत नसते. दरडीपूर्वी डोंगर बोलतो, असे इथले जाणते सांगतात: जमिनीला भेगा पडतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते, झाडे कलतात. हे पाहून वाडी रात्रीतून खाली आणायची तर माणसांबरोबर गुरांची सोय असलेला निवारा पायथ्याशी कायमचा उभा हवा. बांगलादेशने किनाऱ्यावर चक्रीवादळाचे निवारे बांधताना काही ठिकाणी गुरांसाठी उंचवटे केले, ते लोक गुरे सोडून येत नाहीत हे पुरेसे पाहिल्यावर.

पावसाळ्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी हल्ली महाडला येऊन राहते. हे चांगलेच आहे. तळियेच्या वेळी ती जवळ असती तर काही तास वाचले असते. पण ती माणसे माती उपसायला येतात. माती येण्यापूर्वीचे काम करणारा एक तरी कायमचा भूवैज्ञानिक किंवा भूतांत्रिक अभियंता या दोन तालुक्यांसाठी हवा. घटना घडल्यावर पुण्या-नागपूरहून पथके येतात, आठवडाभर हिंडतात, अहवाल देतात. त्यानंतरच्या पावसाळ्यात तोच उतार पुन्हा पाहायला कोण जातो? तळियेच्या वाचलेल्यांनी आपले घर परत मिळायची वाट पत्र्याच्या कंटेनरमध्ये पाहिली. तेवढ्या काळात अख्खे कार्यालय उघडून झाले असते.

परदेशी मदत घ्यायचीच तर ती अशा कार्यालयासाठी घ्यावी. हाँगकाँगचा किंवा ब्रिटनचा एखादा अनुभवी माणूस दोन पावसाळे महाडला राहू दे, इथल्या तरुण अभियंत्यांना उतार वाचायला शिकवू दे, आणि त्याच्याबरोबर पर्जन्यमापक वाडीवाडीत लागू देत. परिषदा मुंबईच्या वातानुकूलित सभागृहात फेब्रुवारीत होतात. त्यांतली एखादी जुलैत पोलादपूरला ठेवली तर पाहुण्यांना विषय आपोआप समजेल, आणि आंबेनळी बंद असल्याने कोणी मध्येच महाबळेश्वरला सटकणार नाही.

पाट्यांचे काम त्याआधीही सुरू होऊ शकते. पहिली पाटी कुठे लावायची हे ठरवायला कोणी तज्ज्ञ लागत नाही; केवनाळ्याची माणसे हात धरून जागेवर नेतील. त्या पाटीवर देखभालीसाठी कोणत्या खात्याचा फोन नंबर लिहायचा यावर मात्र अलिबाग, मंत्रालय, बांधकाम खाते आणि वनखाते यांच्यात पत्रव्यवहार सुरू होईल. तो निदान एप्रिलपूर्वी आटोपावा, कारण जूनमध्ये तलाठ्याला पुन्हा नोटिसा वाटायच्या असतात.